मोटारीच्या सांध्यांतील मऊपणा
वेगवान गाडीच्या बुशांसाठी पदार्थाची निवड कशी करावी?

म्हैसूर शहराच्या वायव्येस हेब्बाळ नावाचा भाग आहे. तेथे एक तळे आहे, औद्योगिक वसाहत आहे आणि इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण-केंद्रही आहे. रबर ही या परिसराला परकी वस्तू नव्हे. जवळच्याच मेटगळ्ळी भागात ‘विक्रांत टायर्स’ या नावाने उभा राहिलेला कारखाना १९९७ साली जे. के. समूहाकडे गेला. रबराची झाडेही फार दूर नाहीत. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील सुळ्य परिसरात त्यांचे मळे आहेत.

हेब्बाळहून निघणाऱ्या मोटारीपुढे तीन प्रकारचे रस्ते असतात. बंगळूरकडे जाणारा द्रुतगती महामार्ग २०२३ साली खुला झाला. त्यावर गाडी तासन्‌तास एकाच वेगाने धावते. दक्षिणेकडील रस्ता बंदीपूरच्या अरण्यातून जातो. वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी तेथे जागोजाग गतिरोधक घातलेले आहेत. त्यापुढे मसिनगुडीवरून उटीला चढणाऱ्या कल्हट्टी घाटात छत्तीस तीव्र वळणे आहेत. तिसरा प्रकार अवजड मालमोटारींची वर्दळ असलेल्या, ठिकठिकाणी उखडलेल्या रोजच्या रस्त्यांचा. सामान्य मोटार हे तिन्ही रस्ते संथपणे पार करते. परंतु ज्याने आपल्या गाडीत अधिक शक्तीचे एंजिन, रुंद टायर आणि ताठ स्प्रिंगा बसवल्या आहेत, त्याच्यापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहतो. चाकांना गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे रबरी बुश आता अपुरे पडतात काय? आणि पडत असतील, तर त्यांच्या जागी कोणता पदार्थ घालावा?

‘जितके कठीण तितके चांगले’ असे या प्रश्नाचे एक सोपे उत्तर सर्वत्र ऐकू येते. ते उत्तर अपुरे आहे, आणि काही सांध्यांच्या बाबतीत धोक्याचेही आहे. ते तसे का, हे समजण्यासाठी प्रथम बुशाचे कार्य पाहिले पाहिजे.

बुश म्हणजे काय?

बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यात एक लोखंडी नळी ठोकलेली असते. आस तिच्यातून जातो आणि वंगणाच्या आधाराने चाक फिरते. बुशाचे हे सर्वांत साधे रूप होय. त्याने फिरू द्यावे, पण डगमगू देऊ नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. प्रारंभीच्या मोटारींतही असेच धातूचे, वंगण लागणारे बुश असत. वंगण आटले की ते कुरकुरत, धूळ शिरली की झिजत.

विसाव्या शतकात यावर एक सुंदर तोड निघाली. दोन पोलादी नळ्या एकीत एक ठेवून त्यांच्यामधील जागेत रबर पक्के चिकटवावयाचे. बाहेरची नळी भुजेत घट्ट बसते, आतली नळी बोल्टाने सांगाड्याला आवळली जाते. चाक वर-खाली झाले की भुजा हलते; पण तेव्हा कोणताही पृष्ठभाग दुसऱ्यावर घासत नाही, रबर केवळ पिळले जाते. तीनशेतीस मिलिमीटर लांबीची भुजा चाकाबरोबर ऐंशी मिलिमीटर वर गेली, तर हा पीळ सुमारे चौदा अंशांचा होतो. भार निघून जाताच रबर पूर्वस्थितीला येते. वंगण नको, आवाज नाही, धूळ शिरण्यास जागा नाही.

रबराचा एक गुणधर्म येथे फार उपयोगी पडतो. रबराचा आकार सहज बदलतो, पण त्याचे घनफळ जवळजवळ बदलत नाही. म्हणून दोन नळ्यांमधील पातळ थर पिळण्यास मऊ असतो, पण सरळ दाबण्यास पुष्कळच ताठ असतो. दबलेल्या रबराला बाजूला सरकण्यास जागाच नसते. अभियंता थराची जाडी आणि लांबी बदलून, किंवा रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवून, एकाच बुशाला एका दिशेने मऊ व दुसऱ्या दिशेने कठीण करू शकतो. तेव्हा बुशाची कठीणता ही केवळ पदार्थावर अवलंबून नसते. पदार्थ, आकार आणि दिशा या तिन्हींचा तो संयुक्त परिणाम असतो.

सांध्यावर येणारा भार

या लहानशा वस्तूवर किती भार येतो, याचा एक हिशेब करून पाहू. चालकासह ११०० किलोग्रॅम वजनाची गाडी जोरात ब्रेक लावून थांबत आहे, आणि तिचे मंदन गुरुत्वत्वरणाच्या नऊ-दशांश आहे असे समजू. रस्त्याने गाडीला मागे रेटणारे एकूण बल सुमारे ९९० किलोग्रॅम भाराइतके होते. ब्रेक लावताना वजन पुढे सरकते. त्यामुळे या बलाचा सुमारे ७२ टक्के वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो, म्हणजे प्रत्येक चाकावर सुमारे ३५५ किलोग्रॅम.

चाक धरणाऱ्या खांबाचा वरचा आधार जमिनीपासून ८५० मिलिमीटरवर व खालचा सांधा २०० मिलिमीटरवर असेल, तर तरफेच्या नियमाने खालच्या सांध्यावर हे बल ३५५ × ८५० ÷ ६५० म्हणजे सुमारे ४६५ किलोग्रॅम होते. खालची भुजा ३३० मिलिमीटर लांब आणि तिच्या दोन बुशांतील अंतर २८० मिलिमीटर असल्यास प्रत्येक बुशावर आडव्या दिशेने सुमारे ५५० किलोग्रॅमचा भार पडतो. म्हणजे रस्त्यावरील मूळ बलाच्या दीडपट!

या भाराखाली मागचा बुश एक मिलिमीटर दबला, तर चाकाकडील टोक सुमारे १.२ मिलिमीटर मागे सरकते. सुकाणूची दांडी मात्र तशीच्या तशी सरकत नाही. परिणामी चाक किंचित वळते. चालकाने सुकाणू चक्र हलवलेले नसतानाही गाडीची दिशा बदलते. दोन्ही बाजूंचे बुश सारखेच दबले, तर हा दोष बराचसा सावरला जातो. पण एक बुश नवा व दुसरा फाटलेला असेल, तर घाट उतरताना ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढते. बुशाची स्थिती ही सुरक्षिततेची बाब आहे, ती याच कारणाने.

टायरचेही नुकसान होते. चाक आपल्या मार्गाशी अर्ध्या अंशाने वाकडे राहून धावले, तर प्रत्येक किलोमीटरला त्याची सुमारे ८.७ मीटर आडवी घसट होते. शंभर किलोमीटरांच्या प्रवासात हीच घसट ८७० मीटर भरते.

मऊपणा हा दोषच असतो काय?

इतके वाचल्यावर सर्व रबर काढून टाकावे, असा मोह होणे साहजिक आहे. परंतु रबराचा मऊपणा तीन कामे करतो आणि तिन्ही महत्त्वाची आहेत. खड्ड्याच्या काठावर आदळताना तो चाकाला किंचित मागे सरकू देतो व धक्क्याची तीव्रता कमी करतो. रस्त्याच्या खरखरीतपणातून निर्माण होणारी कंपने तो गाडीच्या पेटीपर्यंत पोचू देत नाही. तिसरे काम सर्वांत कमी ओळखले जाते. योग्य जागी ठेवलेला मऊपणा चाकाला योग्य दिशेने वळवू शकतो.

१९७७ साली पुढे आलेल्या पोर्शे ९२८ या वेगवान मोटारीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. वळणावर असताना चालकाने एकाएकी वेग कमी केला, तर मागची चाके बाहेर वळू पाहतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरण्याचा धोका असतो. ९२८च्या मागील आसाची रचना अशी केली होती की, मंदनाच्या बलाने सांधे नेमके दबावेत आणि चाके किंचित आत वळावीत. येथे सांध्याचा लवचीकपणा हा रचनेतील दोष नसून रचनेचाच भाग होता. अनेक सामान्य गाड्यांतही मागची दोन चाके जोडणाऱ्या पिळाच्या तुळईचे, म्हणजे टॉर्शन बीमचे, बुश मुद्दाम तिरपे बसवलेले असतात. वळणावरील आडव्या बलाने संपूर्ण तुळईच बाहेर वळू नये, हा त्यातील हेतू. अशा बुशाच्या जागी कोणी सरसकट कठीण बुश घातला, तर रचनाकाराने साधलेला समतोल बिघडतो.

रबरांचे कुळ

चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करण्याची क्रिया शोधली. तेव्हापासून रबराचे अनेक प्रकार निर्माण झाले. पण बुशांच्या कामात नैसर्गिक रबराचे स्थान अजून टिकून आहे. ताणले असता त्याचे रेणू एका दिशेने रांगेत येऊन स्फटिकासारखी रचना करतात. बारीक चीर पडली तरी तिच्या टोकाशी, म्हणजे जेथे ताण सर्वाधिक असतो तेथेच, रबर बळकट होते आणि चीर पसरणे लांबते. लक्षावधी वेळा पिळले जाणाऱ्या वस्तूस याहून चांगला गुण कोणता असणार? त्यात काजळी मिसळली की बळकटी आणखी वाढते.

या रबराचे शत्रू तीन. तेल त्यास फुगवते, हवेतील ओझोन ताणलेल्या पृष्ठभागावर चिरा पाडतो आणि दीर्घकाळची उष्णता त्यास निकामी करते. एंजिनातील गळके तेल भुजेच्या बुशावर ठिबकत असेल, तर नवा बुश घालण्यापूर्वी गळती थांबवावी, हे यावरून उघड आहे. क्लोरोप्रीन रबर तेल व हवामान यांना अधिक दाद देत नाही. ई.पी.डी.एम. रबर ओझोन व उष्णता चांगली सोसते, पण तेलापुढे टिकत नाही. सिलिकोन रबर उष्णतेत श्रेष्ठ असले तरी लवकर फाटते. म्हणून भार वाहणाऱ्या बुशास ते योग्य नाही.

रबराची कठीणता शोअर यांच्या मापकाने मोजतात. त्याच्या ‘ए’ श्रेणीत शून्य ते शंभर असे अंक असतात. गाडीबरोबर येणारे रबरी बुश साधारणतः ५० ते ७० या दरम्यान असतात. तोच आकार व तीच चिकटवलेली रचना ठेवून, पण अधिक कठीण मिश्रण वापरून, किंवा पोकळ्या भरून टाकून, बुश अधिक ताठ करता येतो. शर्यतीच्या अंगाने बनवलेल्या रस्त्यावरच्या गाडीसाठी हा मार्ग पुष्कळदा सर्वांत शहाणपणाचा ठरतो, कारण त्यात पिळण्याचे स्वातंत्र्य कायम राहते.

काही गाड्यांच्या बुशांत रबराबरोबर द्रवाचे दोन कप्पे असतात. चाकाच्या विशिष्ट कंपनास द्रव अरुंद वाटेने एका कप्प्यातून दुसऱ्यात जातो आणि ते कंपन शमवतो. आराम हा त्याचा लाभ. द्रव गळून गेला की बुश निरुपयोगी होतो, हा तोटा. अशा जागी भरीव रबरी बुश घातल्यास सुकाणूला नेमकेपणा येतो, पण ब्रेक लावताना जाणवणारी थरथर काहीशी वाढते.

पॉलियुरेथेन

ऑटो बायर व त्यांचे सहकारी यांनी १९३७ साली जर्मनीत पॉलियुरेथेनाचे रसायनशास्त्र प्रस्थापित केले. दुकानांत लाल, पिवळ्या वा निळ्या रंगांत दिसणारे बुश याच पदार्थाचे. त्यांची कठीणता साधारणतः ७५ ते ९५ असते. तेल व घर्षण यांना ते उत्तम तोंड देतात आणि साध्या दाबयंत्रानेही बसवता येतात.

मात्र त्यांची कार्यपद्धती चिकटवलेल्या रबराहून मुळातच निराळी आहे. रबर पिळले जाते. पॉलियुरेथेनाचा बुश आतल्या पोलादी नळीवर सरकून फिरतो. म्हणजे बैलगाडीच्या तुंब्यातील जुनी रीत येथे पुन्हा आली, आणि तिच्याबरोबर वंगणाची गरजही आली. वंगण धुऊन गेले की बुश करकरतो, मग अडकतो. अडकलेला बुश भुजेला मोकळेपणी हलू देत नाही. तो जणू एक जादा स्प्रिंग होऊन बसतो आणि टायरची रस्त्यावरील पकड घटते.

दुसरी मर्यादा दिशेची. दाराची बिजागरी एकाच अक्षाभोवती फिरते. ज्या सांध्याची हालचाल अशी एकाच अक्षाभोवती आहे, तेथे पॉलियुरेथेन चांगले काम देते. पण काही सांधे फिरता-फिरता तिरपेही होतात. तेथे कठीण बुश तिरपे होण्यास विरोध करतो, आणि तो ताण भुजेवर व तिच्या आधारपट्टीवर जातो. काही काळाने तडा पडतो तो बुशाला नव्हे, तर ज्या पत्र्याला तो जोडलेला असतो त्याला.

तिसरी गोष्ट पाण्याची. पॉलिएस्टर जातीचे पॉलियुरेथेन ओलाव्यात व उष्णतेत हळूहळू विघटन पावते. पॉलिईथर जातीचे त्यामानाने पुष्कळ टिकते. मान्सूनच्या प्रदेशात खरेदी करताना रंगापेक्षा जातीची चौकशी करावी, ती यासाठी.

कठीण प्लास्टिके आणि धातूचे गोलक

याहून कठीण पदार्थांत नायलॉन व ॲसिटल यांचा समावेश होतो. ॲसिटलाचे व्यापारी उत्पादन अमेरिकेत १९६०च्या सुमारास सुरू झाले. नायलॉन पाणी शोषून किंचित फुगते, त्यामुळे काटेकोर मापाचा बुश आवळला जाण्याचा संभव असतो. ॲसिटल हा दोष फारसा दाखवत नाही. त्याचे घर्षण कमी, माप स्थिर. परंतु तिरपी हालचाल त्यास मुळीच सहन होत नाही आणि कंपने शोषण्याची त्याची शक्ती नगण्य आहे.

शेवटचा पर्याय धातूच्या गोलकाचा. कठीण पोलादी गोळा एका वाटीत फिरतो. दोहोंमध्ये बहुधा टेफ्लॉनचे अस्तर असते. १९३८ साली योगायोगाने हाती लागलेला हा पदार्थ अत्यंत निसरडा आहे. गोलक कोणत्याही दिशेने तिरपा होऊ शकतो, पण जागेवरून तसूभरही हलत नाही. म्हणून शर्यतीच्या गाडीत त्याला मान आहे. तेथे काही तासांच्या धावेनंतर प्रत्येक सांधा तपासला जातो. रस्त्यावरील गाडीत मात्र धूळ व चिखल त्याचे अस्तर झिजवतात, सांधा खडखडू लागतो, आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का न शमता थेट पेटीच्या पत्र्यापर्यंत पोचतो.

निवड कशी करावी?

आता एका प्रत्यक्ष रचनेचा विचार करू. पुण्याजवळील चाकण येथे तयार होत असलेली फोक्सवॅगन पोलो ही गाडी भारतातील वेगप्रेमी चालकांत लोकप्रिय ठरली. २०१० साली तिच्या स्वतंत्र शर्यतीही सुरू झाल्या. तिचे भारतातील उत्पादन २०२२ साली थांबले असले, तरी अशा अनेक गाड्या आजही रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या बुशांचे वय आता जाणवू लागण्याइतके झाले आहे. पुढे मॅकफर्सन खांब व खालची भुजा, मागे पिळाची तुळई ही तिची रचना इतर कित्येक लहान गाड्यांतही आढळते.

अशा गाडीत पहिला बदल झोक आवरणाऱ्या दांडीच्या, म्हणजे स्टॅबिलायझर बारच्या बुशांचा करावा. तेथील हालचाल मुख्यतः एकाच अक्षाभोवती असते. म्हणून वंगण लावलेले पॉलियुरेथेन येथे लाभ पुष्कळ व तोटा अल्प देते. खालच्या भुजेचा पुढचा बुश बराचसा बिजागरीसारखा फिरतो. तेथे कठीण रबर उत्तम, मध्यम कठीणतेचे पॉलियुरेथेनही चालू शकते. मागचा मोठा बुश चाकाची पुढे-मागे होणारी हालचाल सांभाळतो. तेथे पोकळ्या नसलेला, चिकटवलेला भरीव रबरी बुश निवडावा. ब्रेक लावतानाची अचूकता वाढते आणि खड्ड्यांचा धक्काही सोसला जातो. खांबाच्या वरच्या आधाराचे रबर मूळचेच, पण नवे असावे. मागील तुळईच्या बुशांना तर त्यांच्या मूळ रूपातच राहू द्यावे. तेथे मऊपणाला काम नेमून दिलेले आहे.

येथे एका गोष्टीचे भान ठेवणे अगत्याचे आहे. जुना, चिरलेला बुश काढून कठीण पदार्थाचा बुश घातल्यावर गाडी सुधारल्याचे जाणवते. पण त्या सुधारणेचा मोठा भाग केवळ नवेपणाचा असतो. जुन्याची तुलना नव्या मूळ बुशाशी केल्याशिवाय पदार्थाचा गुण कळत नाही. प्रयोगशाळेत एका वेळी एकच घटक बदलतात, तोच नियम येथेही लागू पडतो. शिवाय वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाचे बंधन आहे, याचाही विसर पडू नये.

बसवण्याची रीत

उत्तम पदार्थही चुकीच्या रीतीने बसवल्यास व्यर्थ जातो. चिकटवलेल्या रबरी बुशाच्या बाबतीत एक चूक वारंवार घडते. गाडी जॅकवर उचललेली असते, चाके खाली लोंबत असतात आणि कारागीर त्याच स्थितीत बोल्ट आवळतो. गाडी जमिनीवर उतरताच भुजा वर जाते आणि रबर उभ्या गाडीतही कायमचे पिळलेले राहते. पुढे प्रत्येक गतिरोधकावर हा पीळ आणखी वाढतो आणि रबर अकाली फाटते. बोल्टाचा अंतिम आवळ गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच द्यावा. बुश जोडीने बदलावेत, एका बाजूचा नवा व दुसऱ्या बाजूचा जुना ठेवू नये. काम संपताच चाकांची जुळणी तपासून घ्यावी.

मानवी गुडघ्यात दोन हाडांच्या टोकांवर कूर्चेचा मऊ थर असतो. तो झिजला की मनुष्य धावू शकत नाही; पण त्याच्या जागी दगड ठेवल्यानेही तो धावू शकणार नाही. मोटारीचे सांधे याच न्यायाने पाहिले पाहिजेत. प्रत्येक सांध्याला आधी विचारावे की, त्याने कोणती हालचाल होऊ द्यावयाची आहे आणि कोणती रोखावयाची आहे. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की पदार्थाची निवड बहुधा आपोआप होते. हेब्बाळहून निघून महामार्ग, अरण्यातील गतिरोधक आणि घाटाची छत्तीस वळणे एकाच दिवसात ओलांडणाऱ्या गाडीच्या बाबतीत ते उत्तर पुष्कळ ठिकाणी ‘चांगले, ताजे आणि योग्य रीतीने बसवलेले रबर’ हेच असते.